कॉलेज रोडवर प्यायचं पाणी कुठे मिळतं?

नाशिकला अशोकस्तंभाजवळ माझी छोटी अभ्यासिका आहे. 35 खुर्च्या, सकाळी 6 ला शटर वर जातं ते रात्री 12 ला खाली येतं, एमपीएससीवाली, बँकिंगवाली, पोलीस भरतीवाली, दोनचार सीएची पोरं, वय साधारण 19 ते 27. मागच्या एप्रिलमध्ये घंटागाडीवाले दादा म्हणाले, ताई बाटल्या वेगळ्या गोणीत भरून ठेवत चला, तुमच्याकडे लई निघतात. तोवर मी डस्टबिनमध्ये कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या दिवशी गोणी भरायला बसले आणि एकेक बाटली हातात घेतली तेव्हा लक्षात आलं की यातली निम्म्याहून जास्त त्या 20 रुपयांच्या लाल एनर्जी ड्रिंकच्या आहेत, मग दहावाल्या कोल्याच्या, मग आंब्याच्या ड्रिंकच्या, चहाचे कागदी कप तर एकात एक घालून हातभर उंच मनोरे केलेले, आणि ताकाची पिशवी म्हणाल तर अख्ख्या ढिगात एक.

मला राग आला, खरं सांगते. रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, शरीराची काळजी घ्या, आईवडील कष्टाचे पैसे पाठवतात वगैरे. सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. दुसऱ्या दिवशी सिन्नरकडचा एक मुलगा, अगदी शांत, कधी वर मान करून बोलत नाही, तो पाण्याची रिकामी बाटली घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, ताई, मग काय पिऊ ते सांगा ना, इथून खाली उतरलं की दहा रुपयात गार काय मिळतं?

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी दुपारी अडीच वाजता स्कार्फ बांधून स्वतः खाली उतरले आणि गंगापूर रोडने निघून पुढे कॉलेज रोडपर्यंत चालत गेले, फक्त हे बघायला की 21 वर्षाचा पोरगा, खिशात 20 रुपये, घशाला कोरड, त्याला या रस्त्यावर काय मिळू शकतं. आणि तेव्हापासून माझं मत पूर्ण बदललंय. आजची पिढी काय पिते यावर आपण एवढं बोलतो, त्यांची जीभ बिघडली, रील बघून बिघडली, घरचं आवडत नाही, सगळं खापर त्यांच्यावर. पण पोरं काय पितात हे बरंचसं तीन गोष्टी ठरवतात असं मला आता ठामपणे वाटतं: गार काय आहे, दहा-वीस रुपयात काय येतं, आणि बसायला कुठे मिळतं. जिभेचा नंबर त्यानंतर लागतो.

पहिली गोष्ट पाणी. लहानपणी पंचवटीतून मेन रोडला जाईपर्यंत दोनतीन तरी पाणपोया लागायच्या, लाल फडक्यात गुंडाळलेले माठ, वर पितळी ओगराळं, कोणाच्या तरी वडलांच्या स्मरणार्थ लिहिलेली पाटी. मी त्या दुपारी एवढं चालले, मला फुकट प्यायचं पाणी एका ठिकाणी दिसलं, देवळाच्या बाहेर, आणि तेही गरम. बाकी सगळीकडे पाणी म्हणजे बाटली. अर्धा लिटर दहा रुपये. आणि त्याच फ्रीजमध्ये त्याच्याच शेजारी कोल्याची छोटी बाटली, तीही दहाच रुपये. 2023 मध्ये रिलायन्सने जुना कॅम्पा कोला परत आणला तो दहा रुपयांना 200 मिली, त्यानंतर बाकीच्यांनाही त्या किमतीकडे बघावंच लागलं, आता दहाची बाटली सगळीकडे आहे. माझ्याकडची एक मुलगी काय म्हणाली ते ऐका, पाण्यालाच पैसे द्यायचे तर मग थोडी चव तरी येऊ दे ना ताई. यात तिचं काय चुकलं? पाणी आणि कोला एकाच भावात ठेवले तर हिशोब कोणीही असाच करेल.

आणि हा दहा रुपयांचा खेळ काय आजचा नाहीये. माझ्या कॉलेजच्या आसपासच्या वर्षांत, 2003 ला, कोका कोलाने पाच रुपयांची छोटी बाटली गल्लोगल्ली पोचवली होती, टीव्हीवर ठंडा म्हणजे तेच असं बिंबवणं चालू होतं, आणि ज्या घरात पाहुण्याला लिंबू सरबत करायचे तिथे पोराला पाच रुपये देऊन दुकानात पळवायला लागले. म्हणजे आमच्या पिढीची जीभ पण किमतीनेच वळवली, आणि आता आम्हीच पोरांना विचारतो तुम्हाला हे आवडतंच कसं.

आता दुकानदाराकडे या. माझ्या बिल्डिंगखालचे किराणावाले काका, 25 वर्षं ओळखते मी त्यांना, त्यांना विचारलं की काका तुम्ही ताक का ठेवत नाही हो. ते म्हणाले, ठेवायचो, पण तीन गोष्टींनी मार खाल्ला. ताकाची पिशवी दोनचार दिवसात गेली नाही तर माझ्या डोक्यावर, कोल्ड्रिंकचं क्रेट सहा महिने पडलं तरी चालतं. लाईट गेली की ताक आंबतं. आणि तिसरं त्यांनी नुसतं बोटाने दाखवलं, तो काचेचा उभा फ्रीज. कंपनीचा आहे तो. पैसे घेतले नाहीत, बिघडला तर माणूस येतो, अट एवढीच की आत त्यांचाच माल लावायचा आणि फ्रीज दुकानाच्या तोंडाशी ठेवायचा. काका बाजूला त्यांचा स्वतःचा छोटा फ्रीज ठेवतात, घरातला जुना, त्यात दूध आणि ब्रेड, पण तो आत अंधारात, गिऱ्हाइकाला दिसत पण नाही. आता भर उन्हातून आलेल्या पोराच्या डोळ्यासमोर काय येणार? लाईट लागलेला, काचेवर दव आलेला तो फ्रीज. त्यात जे आहे तेच त्याची निवड. सकाळी गाडी येते, माल लावून जाते, स्कीम असते. ताकवाल्याची गाडी येत नाही, काकांनाच जावं लागतं. हे सगळं गणित झाल्यावर शेवटी पोरगा फ्रीजचं दार उघडतो आणि आपण म्हणतो त्याने निवडलं.

कोणी म्हणेल सरकार कोल्ड्रिंकवर टॅक्स लावतंच की. लावतं, आणि जबरी लावतं. आधी 28 टक्के जीएसटी वर 12 टक्के सेस, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के, म्हणजे एकूण तेवढाच. पण हा टॅक्स बाटलीत साखर किती आहे त्यावर ठरत नाही. झिरो शुगरवाल्या बाटलीलाही 40 आणि साखर ठासलेल्या बाटलीलाही 40. आणि फळाच्या रसाची नाहीतर गराची म्हणून जी ड्रिंक विकतात, आंब्याची वगैरे, ज्यात साखर कोल्याच्या तोडीस तोड असते, ती त्याच दिवशी 12 टक्क्यांवरून 5 वर आली. का तर फळ शेतकऱ्याचं. शेतकऱ्याचं भलं व्हावंच, मी निफाडची लेक आहे, मला नका शिकवू, पण पोटात जाणाऱ्या साखरेला ती आंब्यासोबत आली का गॅससोबत आली याने काही फरक पडत नाही. ब्रिटनने एप्रिल 2018 पासून काय केलं, 100 मिलीमध्ये 5 ग्रॅम किंवा त्यावर साखर असेल तर लेव्ही म्हणजे जादा कर, 8 किंवा त्यावर असेल तर जास्त लेव्ही. कंपन्यांनी काय केलं तर लेव्ही लागू व्हायच्या आधीच बऱ्याच ड्रिंकमधली साखर कमी करून टाकली. तिथल्या पोरांना कोणी लेक्चर दिलं नाही, बाटलीतच साखर कमी झाली. आपल्याकडे कंपनीला साखर कमी करून टॅक्समध्ये एक पैशाचा फायदा नाही, मग ती कशाला करेल.

साखरेचा हिशोब एकदा नीट मांडते कारण मी स्वतः तो पहिल्यांदा त्या बाटल्या हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा केला. साधा कोला म्हणजे 100 मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. 250 ची बाटली संपवली की 26 ग्रॅम, पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला 25 ग्रॅमच्या आसपास. एक बाटली की दिवस संपला. त्यात पाच कटिंग धरा, आणि टपरीचा चहा किती गोड असतो ते सांगायला नको. आणि हो, उसाच्या रसालाही मी यातून सूट देत नाहीये. रसवंतीचा घुंगरांचा आवाज आला की माझे पण पाय थांबतात, पण ग्लासभर रसात साखर कोल्यापेक्षा कमी नसते, फक्त तो दिवसातून तीनदा प्यायला कोणी अभ्यासिकेत आणत नाही एवढाच फरक.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती सांगते, आणि यावर कोणी बोलत नाही. मुलींची गोष्ट.

टपरीवर मुलगा उभा राहतो, दहा रुपयाचा चहा, दोन तास गप्पा, कोणी काही म्हणत नाही. मुलगी तिथे किती वेळ उभी राहू शकते? बाजूला सिगरेटचा धूर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा, आणि आपल्या गावातलं कोणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत घरी फोन. मग मैत्रिणींना भेटायचंय तर जायचं कुठे? कॅफेत. कॉलेज रोडला, महात्मानगरला, गंगापूर रोडला जे कॅफे झालेत तिथे कोल्ड कॉफी 150 ते 200 रुपये. लोक म्हणतात बघा कशा पैसे उडवतात पोरी, घरी दूध साखर कॉफी सगळं असतं. अहो ती कॉफीचे पैसे देतच नाहीये, ती खुर्चीचे देतेय, एसीचे देतेय, कोणी येऊन काही बोलणार नाही याचे देतेय, आणि स्वच्छ बाथरूमचे देतेय. कॉफी त्या भाड्याची पावती आहे. शहरात मुलींना फुकट बसायला बरी जागा किती आहे ते मोजा आणि मग तिच्या कोल्ड कॉफीवर बोला.

आणि बाथरूमवरून. माझ्याकडे सुरगाण्याची एक मुलगी येते, हॉस्टेलला राहते, सकाळी 7 ला आली की रात्री 9 ला जाते. एक दिवस तिला चक्कर आली. मी पाणी दिलं तर दोन घोट घेऊन बाजूला ठेवलं. मला वाटलं उपास असेल. खोदून विचारल्यावर कळलं की ती दिवसभर पाणीच पीत नाही, दुपारी एक चहा, बास. म्हणाली, ताई पाणी प्यायलं की जावं लागतं ना. आमच्या मजल्यावरच्या टॉयलेटची कडी तुटलेली होती, कित्येक महिन्यांपासून, मुलं काय कशीही जातात, पण मुली एकमेकींना दाराशी उभं करून जायच्या, नाहीतर जायच्याच नाहीत. कडी 60 रुपयांची होती. माझी अभ्यासिका, माझं टॉयलेट, आणि मी बाई असून मला हे दिसलं नाही. मी त्या रात्री झोपले नाही. युवकांच्या पेयनिवडीवर कोणते घटक परिणाम करतात असे सर्वे होतात, चव, किंमत, जाहिरात, मित्र असे पर्याय असतात, त्यात टॉयलेटची कडी असा पर्याय मी तरी कुठे बघितला नाही. पण मुलींच्या बाबतीत तो पहिल्या नंबरवर असायला पाहिजे. तासन्‌तास पाणी न पिणं आणि लघवी धरून ठेवणं यातून युरीन इन्फेक्शन होऊ शकतं, हे कुठल्याही गायनॅकला विचारा.

त्याच मुलीने मला दुसरी एक गोष्ट शिकवली. तिच्या घरी उन्हाळ्यात नागलीची म्हणजे नाचणीची आंबील असते, रात्री भिजवून आंबवलेलं पीठ, सकाळी शिजवून ताक घालून, मीठ, कधी लसूण. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे नागली पिकतेच, ती पिऊन माणसं दुपारपर्यंत शेतात राबतात. मी म्हटलं मग बाटलीत भरून आणत जा ना. ती हसली नुसती. मग हळूच म्हणाली, इथं सगळ्यांसमोर कशी पिऊ, विचारतील हे काय आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, नाचणीचे कार्यक्रम झाले, पाककृती स्पर्धा झाल्या, नाचणीची स्मूदी कॅफेच्या मेनूकार्डावर आली, आणि जिच्या आजीच्या हातची खरी आंबील आहे तिला ती डबा उघडून प्यायची लाज वाटते. हातात काय धरलंय यावरून आपण कोण ते ठरतं हे त्या वयात फार असतं. पारदर्शक ग्लासात थर दिसणारी कॉफी स्टोरीला टाकता येते, स्टीलच्या डब्यातली आंबील टाकता येत नाही. जाहिरातीचा खरा परिणाम मला इथे दिसतो. क्रिकेटर आणि हिरो पाहून पोरं लगेच दुकानात पळतात असं नाही, पण काय पिताना आपण बरे दिसतो हे मात्र त्यांच्या मनात जाहिरातीने आणि रीलनेच पक्कं केलंय.

द्राक्षांचं पण तेच झालंय आपल्याकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या रस्त्याने जा, गाड्याच्या गाड्या. त्याच दिवसात कॉलेज रोडला ताज्या द्राक्षाचा रस मागून बघा, मोसंबी मिळेल, अननस मिळेल, द्राक्ष क्वचित. माल एक्स्पोर्टला, मार्केटला, बेदाण्याला आणि वायनरीला जातो. 1999 मध्ये सुला ही वायनरी सुरू झाली आणि आज बाहेरच्या माणसाला नाशिक म्हटलं की रामकुंड नाहीतर वाईन आठवते. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, तरुण पिढी बिघडेल म्हणून चॅनलवर चर्चा. दारूची चिंता रास्तच आहे, माझा तिला पाठिंबाच आहे. राज्यात बीअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं अशी वयाची अट आहे आणि गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शनिवारी रात्री ती कोण पाळतं ते बघायला जायला नको, दुसऱ्या दिवशी काठावर बाटल्या दिसतात. माझ्याकडचा एक मुलगा अजिबात पीत नाही, तो सांगत होता की तिथे रिकाम्या हाताने बसता येत नाही, दर पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणतं घे रे एक, काय होतं. म्हणून तो थम्सअपचा ग्लास भरून हातात धरतो, मग कोणी विचारत नाही. रात्रभरात लिटरभर कोला जातो पोटात पण दारू चुकते. आता त्याने काय निवडलं म्हणायचं? पण मुद्दा हा की वाईनवर एवढं भांडलो, आणि तो किराण्याच्या तोंडाशी उभा असलेला फ्रीज मात्र कोणाच्याच चर्चेत आला नाही.

एनर्जी ड्रिंकचं वेगळं बोलायला पाहिजे कारण ते तहानेसाठी कोणी पीत नाही, ते भीतीसाठी पितात. परीक्षा तोंडावर, सिलॅबस बाकी, घरचे विचारतायत अजून किती वर्षं. रात्री 10 ला बाटली उघडतात. कॅफीन ताकद देत नाही, थकवा आलाय हे मेंदूला कळवणारं अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन असतं त्याची जागा ते अडवून बसतं, म्हणजे थकवा असतोच, फक्त कळत नाही. आणि ते शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. 10 ला प्यायलं तर पहाटे 3 ला पण निम्मं आहे, मग झोप कच्ची, सकाळी डोकं जड, मग चहा, मग दुपारी परत बाटली. बाटलीवर लिहिलेलं असतं की लहान मुलांनी, गरोदर बायकांनी, कॅफीन सोसत नाही अशांनी घेऊ नये, पण ती अक्षरं वाचायला मला चष्मा लावून उजेडात जावं लागलं. शाळांपुरते काही नियम आहेत, एफएसएसएआय म्हणजे खाण्यापिण्याच्या सुरक्षेचे नियम करणारी केंद्राची संस्था, तिच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेत आणि शाळेच्या गेटपासून 50 मीटरमध्ये जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे, आणि जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत मंत्र्यांनी शाळांभोवती 500 मीटरमध्ये जास्त कॅफीनची एनर्जी ड्रिंक बंद करू असं सांगितलं होतं. शाळा सुटली की संपलं. कॉलेजांना यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 ला आणि परत 2018 ला जंक फूड बंद करा म्हणून पत्रं पाठवली, आणि अभ्यासिका, क्लास, हॉस्टेल, मेस यांना तर कोणी विचारतच नाही, जिथे ही पोरं दिवसातले 14 तास असतात.

भरतीवाल्या पोरांचं अजून एक. पहाटे मैदानावर पळून येतात, घामाने चिंब, आणि ओआरएस लिहिलेलं टेट्रापॅक पितात, गोड, सफरचंदाच्या चवीचं. त्यांना वाटतं हे डॉक्टरवालं आहे. खऱ्या ओआरएसमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात, एका लिटरला फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मिठाचं प्रमाण ठरलेलं. ऑक्टोबर 2025 मध्ये शेवटी एफएसएसएआयने आदेश काढला की असल्या ड्रिंकच्या नावात ओआरएस हा शब्दच वापरायचा नाही. एवढी वर्षं पोरं औषध समजून सरबत पीत होती, ही पण निवडच म्हणायची का?

मला लोक म्हणतात, तू फार बाजू घेतेस, 22-23 वर्षाची घोडी झाली, त्यांना कळत नाही का. कळतं ना. पण तो सिन्नरचा मुलगा दिवाळीला घरी गेला, आल्यावर मी मुद्दाम विचारलं की आठ दिवसात कोल्ड्रिंक किती प्यायलास. तो विचार करून म्हणाला, नाही प्यायलो, आठवणच नाही आली. घरी माठ, आईने घुसळलेलं ताक, चुलत भाऊ, गप्पा. पोरगा तोच, जीभ तीच, खिसा तोच. फक्त जागा बदलली.

आणि मी सुरुवात जागेपासूनच केली होती. मे महिन्यात वॉटर प्युरिफायर आणि 40 लिटरचा कूलर बसवला, दोन हप्त्यात, आणि शेजारी माठ पण ठेवला कारण काहींना कूलरचं पाणी घशाला लागतं. कडी बदलली, आत बादली-मग, साबण, झाकणाची डस्टबिन. आणि पंचवटीतल्या एका गवळ्याशी बोलून दुपारी 3 ला ताकाचा कॅन मागवायला लागले, जिरं मीठ घालून 10 रुपये ग्लास, पैसे डब्यात टाका, कोणी बघत नाही. पहिल्या आठवड्यात कोणी हात लावला नाही. मग मी एक केलं, स्टीलचे ग्लास काढून उभे काचेचे ग्लास आणले आणि कॅन आतल्या खोलीतून उचलून दारातच ठेवला, जिथे खाली उतरताना दिसतोच. चौथ्या दिवशी साडेतीनला कॅन रिकामा. सुरगाण्याच्या मुलीने एक दिवस स्वतःहून आंबील करून आणली, मला आणि दोघींना दिली, आता शनिवारी तिला तीन बाटल्या आणाव्या लागतात आणि तिचे पैसे मी काढून देते, ती नको म्हणते तरी.

मी काही मोठा प्रयोग केला नाही, 35 खुर्च्यांचं काय घेऊन बसलात असं कोणी म्हणू शकतं. पण मग ज्यांच्याकडे 3,500 खुर्च्या आहेत त्या कॉलेजांनी करावं की. कॅन्टीनचं टेंडर काढताना एक ओळ घाला की गार प्यायचं पाणी फुकट आणि दर्शनी भागात पाहिजे, ताक किंवा सरबत कोल्यापेक्षा स्वस्त पाहिजे, आणि कंपनीचा फ्रीज ठेवलात तर निम्मा भाग बाहेरच्या मालाला मोकळा. मुलींचं टॉयलेट रोज कोण तपासतं त्याचं नाव दारावर लावा. महानगरपालिकेला तर माझं कळकळीने सांगणं आहे. सिंहस्थ आलाय, 2027 ला लाखो माणसं गोदाघाटावर असणार, पिण्याच्या पाण्याचे नळ, टाक्या, टॉयलेट सगळं उभं राहणारच, त्यावर पैसा खर्च होणारच. त्यातले थोडे नळ पक्के बांधा आणि मेळा संपल्यावर काढू नका. सीबीएसला, अशोकस्तंभाला, कॅनडा कॉर्नरला, कॉलेज रोडला, नाशिकरोड स्टेशनबाहेर. थंड पाण्याचे, खाली बाटली भरता येईल एवढी जागा असलेले, कारण आता ओंजळीने कोणी पीत नाही, प्रत्येकाकडे बाटली असते. आणि साखरेप्रमाणे टॅक्स लावायची मागणी आपल्या खासदारांकडे गेलीच पाहिजे, ती दिल्लीची गोष्ट आहे, वेळ लागेल, पण नळाला दिल्लीची परवानगी लागत नाही.

लाल बाटल्या मात्र हटल्या नाहीत. कोला अर्ध्यावर आला, आंब्याचं ड्रिंक जवळपास बंद झालं, पण रात्रीच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या आजही जवळजवळ तेवढ्याच निघतात, ताक त्यांच्या कामाचं नाही, उलट ताकाने झोप येते म्हणतात पोरं. बरेच दिवस मी यावर विचार करत होते आणि मग वाटलं की यातही जागा माझीच आहे. रात्री 12 पर्यंत शटर मी उघडं ठेवते, समोरच्या अभ्यासिकेने 24 तास बोर्ड लावला म्हणून मी 10 वरून 12 केलं होतं. जो शेवटपर्यंत बसतो तो खरा अभ्यास करतो हे वातावरण आम्हीच तयार केलंय, त्या वातावरणात 20 रुपयांची बाटली लागतेच. पुढच्या 1 तारखेपासून मी परत 10 ला बंद करणार आहे आणि सकाळी 5 ला उघडणार आहे. ग्रुपवर सांगितलं तर दोघांनी लगेच सोडून जायचं म्हटलंय, सिन्नरचा मुलगा काहीच बोलला नाही, फक्त संध्याकाळी जाताना विचारून गेला की ताई, 5 ला चहा असेल का.